तंजावरच्या मंडळीचे वर्तमान



आपल्या जुन्या पत्रांत एक ठरलेली ओळ असे : येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे. आपले बरेवाईट दुसऱ्याला कळवावे आणि त्याचे आपल्याला कळावे, ही माणसाची फार जुनी गरज आहे. आज ज्या समाजाची हकीकत मी सांगणार आहे, त्याने ही गरज मोठ्या नेटाने भागवली. त्यामुळे त्या समाजातली साधीसुधी माणसे अडीचशे-तीनशे वर्षांनंतरही आपल्याला नावानिशी भेटतात. हा समाज म्हणजे तंजावरकडची ल्यूथरपंथी ख्रिस्ती मंडळी.

बीड जिल्ह्यात बसून तंजावरची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण तंजावर काही आपल्याला परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तिथे राज्य स्थापले, आणि भोसल्यांची ती गादी १८५५ पर्यंत टिकली. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. तिच्या पलीकडच्या जांब गावचे समर्थ रामदास. त्यांच्या शिष्यांनी तंजावरला मठ उभारले. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला भोसले कुळाच्या इतिहासाचा लांबलचक मराठी शिलालेख आजही वाचायला मिळतो. तेव्हा मुलूख तमिळ असला, तरी या गोष्टीत आपलीही माणसे आहेत.

आता ल्यूथरपंथ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. मार्टिन ल्यूथर हा जर्मनीतला एक धर्मशास्त्राचा अध्यापक. १५१७ साली त्याने रोमच्या धर्मसत्तेच्या कारभारावर उघड आक्षेप घेतले, आणि त्यातून युरोपातल्या ख्रिस्ती धर्मात मोठी फूट पडली. त्याने बायबल लोकांच्या जर्मन भाषेत आणले. धर्मग्रंथ ज्याचा त्याला वाचता आला पाहिजे, हा त्याचा आग्रह. आपल्याकडे ज्ञानदेव-एकनाथांनी गीतेचे आणि भागवताचे मर्म मराठीत सांगितले, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आग्रहाचे मोल वेगळे सांगायला नको. ग्रंथ वाचायचा तर अक्षरओळख हवी. म्हणून जिथे ल्यूथरची मंडळी गेली, तिथे चर्चबरोबर शाळा आली, आणि शाळेपाठोपाठ छापखाना.

भारतात ही मंडळी आली ती डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने. तंजावरच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे बंदर आहे. १६२० पासून ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांकडे होते. तिथे ९ जुलै १७०६ रोजी त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोन तरुण जर्मन पाद्री उतरले. त्सीगेनबाल्गने तमिळ आत्मसात केली, मुलींसाठीही शाळा काढली, आणि पुढे आलेल्या छापखान्यात १७१५ पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून पुरा केला.

हे पाद्री आपल्या मंडळीचे वर्तमान नेमाने मायदेशी लिहून पाठवीत. जर्मनीतल्या हाले गावी फ्रांके नावाच्या धर्मगुरूचा मोठा अनाथाश्रम होता आणि आश्रमाचा स्वतःचा छापखाना होता. तिथे १७१० पासून ही पत्रे आणि रोजनिशा छापून निघू लागल्या. किती जणांचा बाप्तिस्मा झाला, कोण वारले, शाळेत मुले किती, पाऊस कसा आहे, महागाई किती, कोणत्या गावी उपदेशकाला कुणी काय प्रश्न विचारला, असे सगळे त्यांत येई. पत्र जहाजाने पोचायलाच कित्येक महिने लागत. म्हणजे बातमी शिळी. पण वाचणारे तिची वाट बघत, कारण त्यांच्याच वर्गणीवर इथल्या शाळा चालत.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. ही पत्रे वर्गणीदारांसाठी होती. तेव्हा त्यांत स्वतःची भलामण असणारच, आणि हिंदू धर्माविषयी एकांगी मतेही आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने ती चाळूनच घ्यावी लागतात. पण चाळल्यावर चाळणीत जे उरते, ते मोलाचे आहे.

उदाहरणार्थ, राजनायक्कन. हा तंजावरच्या राजाच्या फौजेतला शिपाई, परैयर या अस्पृश्य मानलेल्या जातीचा. घराणे आधीच रोमन कॅथलिक. तमिळमध्ये छापलेले शुभवर्तमान त्याच्या हाती पडले, ते वाचून तो तरंगंबाडीला आला आणि उपदेशक झाला. पुढे चाळीसएक वर्षे तो तंजावरच्या मुलखात पायी हिंडला. युरोपीय पाद्र्यांना तेव्हा त्या राज्यात मोकळेपणी फिरता येत नसे, म्हणून मंडळीचा खरा भार अशा देशी उपदेशकांवरच होता.

१७३३ साली आरोन हा पहिला देशी पाळक नेमला गेला. तो वेल्लाळ या वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीचा. दुसरा पाळक नेमायची वेळ आली, तेव्हा राजनायक्कनचे नाव पुढे होते. पण परैयराच्या हातचा प्रभुभोजनाचा प्रसाद वेल्लाळ मंडळी घेणार नाहीत, या भीतीने त्याला डावलले आणि १७४१ साली दियोगो नावाच्या दुसऱ्या उपदेशकाला पाळकपद दिले. धर्म बदलला, पण जात उंबऱ्याच्या आत आली ती आलीच. आणि हे आपल्याला कळते ते मंडळीने स्वतःच लिहून ठेवलेल्या कागदांतून.

आता या गोष्टीतला सर्वांत मोठा माणूस. ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्त्झ १७५० साली तरंगंबाडीला आला आणि मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे, मायदेशी परत गेला नाही. तंजावरच्या तुळजाराजांची आणि त्याची पहिली भेट १७६९ साली झाली. राजे खांबांना टांगलेल्या झोपाळ्यासारख्या मंचकावर बसले होते. बोलणे आधी फारसी दुभाष्यामार्फत चालले होते, मग श्वार्त्झ सरळ तमिळमध्ये बोलू लागला. दरबाराची भाषा मराठी, म्हणून पुढे तो मराठीही शिकला. १७७८ पासून तो तंजावरलाच राहिला.

१७८० साली हैदरअलीची फौज कर्नाटकात उतरली आणि तंजावरचा सुपीक मुलूख उजाड झाला. ज्या माणसांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, त्यांना पुढचे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल. किल्ल्यात दाणा नाही आणि रोज सकाळी रस्त्यात भुकेने मेलेली माणसे पडलेली. नवल असे, की खेड्यांतून धान्य होते. नव्हते ते वाहतुकीला बैल, आणि बैल असणाऱ्यांचा सरकारवर विश्वास. आधी बैल नेले, पण मोबदला दिला नाही, अशी तक्रार. राजाने हुकूम केला, विनवणी केली, कुणी हलेना. शेवटी राजाच म्हणाला, की माझी आणि इंग्रजांची, दोघांचीही पत गेली आहे. आता या पाद्र्याच्या शब्दावर लोक येतात का ते पाहा. त्याने श्वार्त्झकडे कोरा कागद पाठवला, की तू ठरवशील तो करार आम्हाला मान्य.

श्वार्त्झने लोकांना कळवले, की मोबदला माझ्या हाताने देईन, आणि शत्रूने बैल नेला तर त्याचीही भरपाई करीन. एक-दोन दिवसांत हजारावर बैल जमले. मंडळीतले उपदेशक आणि इतर ख्रिस्ती माणसे जीव धोक्यात घालून खेडोपाडी गेली आणि ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तिकडचे धान्याचे माप, आपल्याकडे मण-खंडी असावी तसे. किल्ला वाचला. मग श्वार्त्झने प्रत्येकाला ठरलेले पैसे दिले, वर थोडी बक्षिसी दिली आणि घरी पाठवले.

लढाई संपल्यावर आणखी एक प्रसंग आला. सरकारी जाचाला कंटाळून हजारो शेतकरी मुलूख सोडून गेले होते. जमिनी पडीक राहिल्या. न्याय मिळेल असे राजाने आश्वासन दिले, तरी कुणी येईना. मग श्वार्त्झने निरोप धाडले. एका दिवसात सात हजार माणसे परतली. पेरणीचा हंगाम जवळजवळ टळला होता. पण तुमचा शब्द राखायला आम्ही रात्रंदिवस खपू, असे त्यांनी सांगितले आणि तसे केले. पीक आदल्या वर्षापेक्षा चांगले आले. आता विचार करा : हे शेतकरी काही ख्रिस्ती नव्हते. मग हा विश्वास आला कुठून? माझ्या मते तो रोजच्या व्यवहारातून आला. हा माणूस गावोगाव पायी येतो, आपल्या भाषेत बोलतो, बोलल्याप्रमाणे वागतो, ही वार्ता खेड्यांतून आधीच फिरली होती. पत ही अशी वर्षानुवर्षे साठवावी लागते. ऐन अडचणीत उभी करता येत नाही.

या मंडळीत एक मराठी बाईही होती. तंजावरकडची ही ब्राह्मण विधवा. तिला सती जाण्यापासून लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वाचवले, असे परंपरा सांगते. ती त्याच्याबरोबर राहू लागली. तिने बाप्तिस्मा मागितला, पण दोघांचा विवाह झालेला नव्हता म्हणून श्वार्त्झने नकार दिला. लिटल्टन वारल्यावर १७७८ साली तिरुनेलवेलीजवळच्या पाळयंकोट्टै येथे त्याने तिला बाप्तिस्मा दिला आणि तिचे नाव क्लॅरिंडा झाले. १७८० च्या तिथल्या मंडळीच्या यादीत चाळीस नावे आहेत. पहिले नाव तिचे. तिच्या खटपटीने उभारलेल्या चर्चचे उद्घाटन १७८५ साली श्वार्त्झच्याच हस्ते झाले. तिथले लोक त्या चर्चला ब्राह्मणबाईचे देऊळ म्हणू लागले, आणि तिने खणवलेल्या विहिरीलाही तिच्याच नावाने ओळखू लागले. घरादाराला पारखी झालेली एक बाई. तिचे नाव टिकले ते चाळीस नावांच्या एका यादीमुळे आणि एका विहिरीमुळे.

१७८७ साली तुळजाराजे वारले. त्याआधी त्यांनी सरफोजी या मुलाला दत्तक घेतले होते आणि त्याचा सांभाळ करण्याची विनंती श्वार्त्झला केली होती. पुढे गादीचा तंटा झाला, मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्त्झने १७९३ साली त्याला मद्रासला नेऊन त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्त्झ वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. पण गुरूच्या थडग्यासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत स्मृतिलेख रचला, आणि फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून आणले. मरणशय्येवरच्या पाद्र्याचा हात हाती घेतलेले मराठी राजे, असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. याच सरफोजींनी देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ छापवला. मराठीच्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते.

जातीचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. तंजावरच्या चर्चमध्ये वेल्लाळ एका बाजूला आणि परैयर दुसऱ्या बाजूला बसत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी हा भेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा बरीच वेल्लाळ कुटुंबे मंडळी सोडून गेली. त्यांच्यातलेच वेदनायक शास्त्री हे मोठे तमिळ ख्रिस्ती कवी. श्वार्त्झनेच त्यांना लहानपणी तंजावरला आणले होते. मिशनशी बेबनाव झाल्यावर १८२९ साली त्यांना दरबारी कवी म्हणून आश्रय दिला तो सरफोजीराजांनी. पुढे १९१९ साली तमिळ ल्यूथरन मंडळी स्वतंत्र झाली. ती आजही नांदते आहे.

आता आपल्याकडे वळू. शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केले. हे मिशन ल्यूथरपंथी नव्हे, पण मंडळीचे वर्तमान छापण्याची रीत तीच. त्याच पत्रात १८५५ साली पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत छापून आला. त्या दोन अंकांत जागा मिळाली नसती, तर तिचा आवाज आज आपल्यापर्यंत आला असता का?

शिक्षकमित्रांना म्हणून एवढेच सांगायचे आहे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्याकडची जुनी कागदपत्रे कुठे उर्दूत, कुठे मोडीत आहेत. देवस्थानाच्या वह्या, दर्ग्याच्या सनदा, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, आणि तुमच्या स्वतःच्या शाळेचे दाखलखारीज, हे सगळे आपल्या गावचे वर्तमान आहे. रद्दीत जाण्याआधी ते एकदा उघडा. गावातली ऐंशीच्या पुढची माणसे कोण, त्यांना काय आठवते, ते मुलांकडून लिहून घ्या. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घाला. राजांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ मिळतील. राजनायक्कनचे, क्लॅरिंडाचे आणि बैल जुंपून निघालेल्या त्या शेतकऱ्यांचे नाव त्यांच्या गावकऱ्यांनीच लिहावे लागते.