दोन स्पार्क प्लग, बारा वर्षं आणि शेअरचा भाव

“कंपनीवर पेटंटची केस पडलीय, शेअर विकू का?” वरवंडला गेलो की हा प्रश्न हमखास येतो. म्हणून आज आपल्याच जिल्ह्यातल्या कंपनीचा एक जुना खटला समजून घेऊ.

आकुर्डीच्या बजाज ऑटोने १६ जुलै २००२ ला पेटंटसाठी अर्ज केला. लहान इंजिनात एकाऐवजी दोन स्पार्क प्लग बसवायचे, म्हणजे पेट्रोल नीट जळतं, ही त्यातली मुख्य कल्पना. हेच पल्सरचं डीटीएस-आय. ७ जुलै २००५ ला पेटंट मिळालं (क्रमांक १९५९०४). पेटंटचं आयुष्य अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, म्हणजे जुलै २०२२ पर्यंत.

२००७ मध्ये टीव्हीएसने दोन प्लगची १२५ सीसी ‘फ्लेम’ जाहीर केली आणि भांडण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. टीव्हीएसचं म्हणणं, आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत आणि दोन प्लगची युक्ती जुनीच आहे. बजाजचं म्हणणं, व्हॉल्व्ह किती याने फरक पडत नाही.

१६ फेब्रुवारी २००८ ला एका न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. टीव्हीएसने मग एकाच प्लगची फ्लेम बाजारात आणली. १८ मे २००९ ला खंडपीठाने ती मनाई उठवली. १६ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला गाडी विकू दिली, पण विक्रीचा चोख हिशेब ठेवायला लावला. मूळ दावा ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत निकाली काढा, असंही बजावलं. तसं झालं नाही. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी समझोता करून सगळे वाद मिटवले. तेव्हा पेटंटची जेमतेम तीन वर्षं उरली होती.

या तारखांमधून गुंतवणूकदाराने काय घ्यायचं? एक म्हणजे, आपण बातमीत ‘निकाल’ वाचतो तो बहुतेक वेळा अंतरिम आदेश असतो. तो फिरू शकतो, इथे पंधरा महिन्यांत फिरला. त्या आदेशावर शेअर घेणारा खरं तर खटल्याच्या मधल्या एका वळणावर पैसे लावत असतो.

दुसरं, शेअरच्या भावातून खटल्याचा परिणाम वेगळा काढणं फार अवघड आहे. मे २००८ मध्ये विभाजनानंतरच्या नव्या बजाज ऑटोची शेअरबाजारात नोंदणी झाली. बजाज फिनसर्व्ह वेगळी झाली, जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज बनली. म्हणजे खटल्याच्या ऐन मध्यात शेअरमागचा धंदाच बदलला. वर त्याच वर्षी जगभरचे बाजार कोसळले. भाव पडला तो प्लगमुळे की लेहमनमुळे, हे नुसता आलेख बघून कुणी सांगू शकत नाही. संशोधनात आम्ही आदेशाच्या आगेमागचे मोजके दिवस घेतो आणि बाकी बाजाराच्या चालीशी ताडून बघतो, ते याचसाठी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऊस नाहीतर जमीन विकून आलेला पैसा शेअरमध्ये घालणाऱ्याने ‘कोण जिंकणार’ हे विचारण्याआधी ‘हरले तर काय थांबेल’ हे विचारावं. टीव्हीएसची एक गाडी अडली, पण बाकीच्या गाड्या विकल्या जात होत्या. ज्या कंपनीचा सगळा धंदा एकाच वादग्रस्त वस्तूवर उभा आहे, तिथे तसाच आदेश आला तर कमाईच थांबते. आता माझा उलट प्रश्न: तुमच्या कंपनीच्या विक्रीतला किती हिस्सा त्या वस्तूचा आहे? वार्षिक अहवालात कोर्टकचेरीची माहिती आणि विक्रीची विभागणी दोन्ही सापडतात. आधी ती पानं उघडा, मग विकायचं की ठेवायचं ते ठरवा.