इंग्रजी ग्रामर फोनवर स्वतः शिकताय? 'पर्यंत' आणि 'पासून'पासून सुरू करा

पाचगणी म्हटलं की टेबल लँड, स्ट्रॉबेरी आणि बोर्डिंग स्कूल्स. इथल्या सेंट पीटर्समध्ये फ्रेडी मर्क्युरी शिकला, तेव्हा तो फारूख बल्सारा होता. मी त्याच गावातल्या मराठी शाळेचा. राज्यातल्या मराठी शाळांमध्ये 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे माझ्या बॅचने हा विषय दहा वर्षं घेतला. तरी बाजारात बोर्डिंगची मुलं भेटली की आमच्यातले बरेच जण गप्प व्हायचे. शब्द यायचे, वाक्य जुळायचं नाही. पुढे इंजिनिअरिंग केलं, नोकरी लागली आणि ग्रामर मी बहुतेक फोनवरच शिकलो. त्यातलं जे खरंच कामाला आलं तेवढंच इथे सांगतो.

ग्रामर चेकर काय करू शकत नाही

जीबोर्डमध्ये ग्रामर चेक आहे, ग्रामर्लीचाही कीबोर्ड मिळतो. स्पेलिंग, सुटलेला 'एस', 'ही डोन्ट'सारख्या गोष्टी ते पटकन पकडतात. दोन्हीपैकी एक जरूर चालू ठेवा. पण चेकर फक्त तुम्ही लिहिलेलं वाक्य बघतो, तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही.

समजा तुम्हाला म्हणायचंय, 'शुक्रवारपर्यंत काम करून देतो.' तुम्ही लिहिलं, 'आय विल वर्क ऑन इट टिल फ्रायडे.' चेकर गप्प बसणार, कारण हे इंग्रजी बरोबरच आहे. फक्त त्याचा अर्थ 'शुक्रवारपर्यंत यावर काम करत राहीन' असा होतो. काम संपेल असं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. तुम्हाला हवं होतं 'आय विल फिनिश इट बाय फ्रायडे.' डेडलाइनच्या मेसेजमध्ये हा गोंधळ झाला तर समोरच्याचं पुढचं सगळं प्लॅनिंग बिघडू शकतं.

मराठीत 'पर्यंत' हे एकच शब्दयोगी अव्यय दोन्ही कामं करतं, म्हणून आपण हमखास इथे अडकतो. माझी युक्ती सोपी आहे. क्रियापदाला 'राहीन' जोडून बघा. 'पाचपर्यंत थांबतो' याचं 'थांबून राहीन' होतं, म्हणून टिल. 'पाचपर्यंत पोहोचतो' याचं 'पोहोचत राहीन' केलं तर हसू येतं, म्हणून बाय.

'पासून'चंही तेच. '2022 पासून' हा सुरुवातीचा क्षण, तिथे सिन्स. 'दोन वर्षांपासून' हा कालावधी, तिथे फॉर. शिवाय मराठीत आपण 'काम करतोय' असा वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजीत मात्र 'आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर टू इयर्स' लागतं. इंटरव्ह्यूच्या पहिल्या दोन मिनिटांत हे वाक्य येतंच, त्यामुळे ते पाठ असलेलं बरं.

काळांच्या बाबतीत मराठी माध्यमवाल्यांचा फायदाच आहे. साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ आपण शाळेत शिकलोय, 'पाठवला' आणि 'पाठवलाय' यातला फरक कानाला कळतो. अडचण एकाच ठिकाणी येते. 'मेल कालच पाठवलाय' हे मराठीत चालतं, इंग्रजीत 'यस्टरडे' आला की 'हॅव' जातो. 'आय सेंट इट यस्टरडे', बस.

आपल्या 'च'चा 'ओन्ली' होतो तो वेगळा किस्सा. 'आय ऍम इन पुणे ओन्ली' भारतात सगळ्यांना समजतं, मित्रांच्या ग्रुपवर मी तरी ते कधी दुरुस्त करणार नाही. परदेशातल्या क्लायंटला मेल करताना काढून टाका.

सराव कसा करायचा

एआय चॅटबॉटला 'हे दुरुस्त कर' म्हणू नका. तो झटकन दुरुस्त करतो, तुम्ही कॉपी करता आणि शिकणं तिथेच संपतं. त्याऐवजी लिहा: 'दुरुस्त करू नकोस. चूक कुठल्या शब्दात आहे तेवढंच सांग. मी पुन्हा लिहितो, मग कारण मराठीत समजव.' मिळालेलं कारण नोट्स ॲपमध्ये तुमच्या मूळ मराठी वाक्यासकट टाका. महिन्याभराने यादी उघडली की त्याच चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतील.

चॅटबॉट कधीकधी चुकीचा नियमही छातीठोकपणे सांगतो, म्हणून एक पुस्तक हाताशी हवंच. रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' 1985 साली पहिल्यांदा आलं. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव. स्वतः शिकणाऱ्यासाठी ते रेन अँड मार्टिनपेक्षा बरं, असं माझं मत. घरात आजोबांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असेल तर तीही चाळा. वाक्यं आता जुनाट वाटतील, पण मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं ही पद्धत चांगली आहे. धड्यातल्या वाक्यांऐवजी तुमचेच दिवसभरातले व्हॉट्सॲप मेसेज घ्या. रोज पाच पुरे.

'अ' आणि 'द' मात्र सुरुवातीला हातात घेऊ नका. मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे ते सर्वात उशिरा बसतात. तोवर एवढं पुरतं: गोष्ट पहिल्यांदा सांगताना 'अ', समोरच्याला ती माहीत झाल्यावर 'द'. बग रिपोर्टमध्ये 'आय फाउंड अ बग', आणि पुढच्या ओळीत 'द बग अपिअर्स ऑन लॉगिन'.