बाल्कन प्रदेशनिष्ठ वृक्कविकार

बाल्कन प्रदेशनिष्ठ वृक्कविकार : आग्नेय यूरोपात डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या काही विवक्षित खेड्यांत आढळणारा आणि मंद गतीने वाढत जाऊन अखेरीस वृक्के (मूत्रपिंडे) निकामी करणारा दीर्घकालिक रोग. जो रोग एखाद्या ठरावीक प्रदेशापुरता मर्यादित असून तेथे सतत आढळतो, त्यास प्रदेशनिष्ठ रोग म्हणतात. प्रस्तुत रोगाचे क्षेत्र सध्याच्या बल्गेरिया, रूमानिया, सर्बिया, क्रोएशिया आणि बॉस्निया व हेर्ट्‌सेगोव्हीना या देशांत विखुरलेले आहे. सु. एक लाख लोकांना या रोगाचा धोका असून सु. २५,००० लोकांना तो झाला असावा, असा अंदाज केला जातो. १९५० नंतरच्या दशकात वैद्यकास परिचित झालेल्या या रोगाचे कारण सु. अर्धशतक वादग्रस्त होते. शिसे, बुरशी, कोळसा, विषाणू अशी अनेक कारणे सुचविली गेल्यावर अखेर ते शेतातील एका तणाच्या बियांत सापडले. पर्यावरणातील रोगकारणे कशी शोधावीत आणि या शोधात चुका कोठे होतात, यांचे उदाहरण म्हणून या रोगाच्या इतिहासास महत्त्व आहे.

प्रदेश व लक्षणे : बाधित गावे मुख्यतः साव्हा, ड्रीना, कोलूबारा, मोराव्हा इ. नद्यांच्या सखल खोऱ्यांत, बल्गेरियातील व्ह्रात्सा भागात आणि रूमानियाच्या नैर्ऋत्येस आहेत. रोगाची वाटणी गावागणिक बदलते. एका गावात अनेक कुटुंबे ग्रासलेली असतात, तर थोड्याच अंतरावरील दुसरे गाव पूर्णतः मुक्त असते. बाधित गावातही काही घरांतच रुग्ण आढळतात. पुष्कळदा एकाच कुटुंबातील अनेक व्यक्ती काही वर्षांच्या अंतराने दगावल्याच्या नोंदी आहेत. रुग्ण बहुतेक शेतकरी असतात. स्त्रिया व पुरुष या दोघांनाही रोग होतो. मुलांत तो आढळत नाही.

रोगाची सुरुवात नकळत होते व लक्षणे प्रौढ वयात दिसू लागतात. प्रारंभी सूज येत नाही आणि रक्तदाबही सहसा वाढत नाही. रक्तक्षय मात्र लवकर दिसतो व काही रुग्णांच्या तळहातांवर तांबूस-पिवळी झाक येते. विकृती प्रथम वृक्कातील सूक्ष्म नलिका व त्यांमधील ऊतक यांत होते. गाळण करणारे केशिकागुच्छ प्रथम बव्हंशी शाबूत राहतात. पुढे वृक्के आक्रसून लहान होतात. अनेक रुग्णांत वृक्कद्रोणी व मूत्रवाहिनी यांच्या अस्तराचा कर्करोग उद्‌भवतो. अन्यत्र विरळ असलेला हा कर्करोग या गावांत वारंवार आढळतो, ही गोष्ट कारणाच्या शोधात पुढे निर्णायक ठरली.

प्रारंभीचे संशोधन : बल्गेरियात तांचेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये तत्कालीन यूगोस्लाव्हियात डॅनिलोविच यांनी कोलूबारा खोऱ्यातील शोपिच या गावातील रुग्णांची माहिती दिली. त्यानंतर रूमानियातूनही असेच वृत्तांत आले. वेगवेगळ्या देशांतील वैद्य एकाच रोगाचे वर्णन करीत आहेत, हे लक्षात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९६४ मध्ये डुब्रॉव्हनिक येथे तज्ज्ञांची बैठक झाली. लंडनमधील सिबा प्रतिष्ठानाने घेतलेल्या चर्चासत्राचे वृत्त १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

कुटुंबाकुटुंबांत रोग आढळत असल्यामुळे तो आनुवंशिक असावा, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक होते. परंतु दोन निरीक्षणे त्याच्या विरुद्ध होती. बाहेरगावाहून विवाह होऊन आलेल्या स्त्रियांनाही तो होई आणि दुसऱ्या प्रदेशातून येऊन स्थायिक झालेल्या लोकांना साधारणपणे पंधरा-वीस वर्षांच्या वास्तव्यानंतर तो जडे. यावरून रोगाचे कारण रक्ताच्या नात्यात नसून घरातील व शेतातील समान राहणीत असले पाहिजे, असा निष्कर्ष निघत होता. आनुवंशिक प्रवणतेचा काही भाग असू शकेल. कारण एकाच घरातील सर्वच व्यक्ती आजारी पडत नाहीत. मूळ कारण मात्र बाह्यच असणार, याविषयी बहुतेकांचे एकमत झाले.

पर्यावरणीय उपपत्ती : डॅनिलोविच यांनी प्रथम शिशाने दूषित झालेल्या पिठाकडे बोट दाखविले व तसा लेख १९५८ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा तर्क टिकला नाही. बाधित गावे व इतर गावे यांत शिशाच्या बाबतीत सुसंगत फरक दिसला नाही आणि रुग्णांत शिसेविषबाधेची इतर लक्षणेही नव्हती. त्यामुळे पिठाकडील लक्षही इतरत्र वळले. इतर जड धातू, मातीतील काही मूलद्रव्यांची न्यूनता व विषाणू यांचाही पुढे विचार झाला. पण कोणतीच उपपत्ती रोगाच्या सर्व वैशिष्ट्यांचा उलगडा करू शकली नाही.

दोन उपपत्ती दीर्घकाळ प्रभावी होत्या. पहिली उपपत्ती बुरशीच्या विषाची होय. दमट हवेत साठविलेल्या धान्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस व पेनिसिलियम वंशांतील काही बुरशींपासून ऑक्रॅटॉक्सिन-ए हे विष तयार होते. डेन्मार्कमधील डुकरांत या विषामुळे वृक्कविकार होतो, असे क्रॉग यांनी दाखविले. त्याचे बाल्कन रोगाशी असलेले साम्य पाहून हेच कारण मानवातही असावे, असे मत त्यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडले. बाधित गावांतील धान्यात व रुग्णांच्या रक्तात हे विष आढळलेही. परंतु ते रोगमुक्त प्रदेशांतील अन्नातही आढळते. शिवाय उंदरांवरील प्रयोगांत त्यापासून होणारी अर्बुदे प्रत्यक्ष वृक्काच्या ऊतकात होतात, मूत्रवाहिनीच्या अस्तरात होत नाहीत.

दुसरी उपपत्ती भूवैज्ञानिकांनी मांडली. बाधित गावांपैकी अनेक गावे प्लायोसीन काळातील लिग्नाइट या कनिष्ठ प्रतीच्या कोळशाच्या थरांजवळ आहेत. थरांतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर विषारी कार्बनी संयुगे उथळ विहिरींत उतरत असावीत, असे १९९० च्या सुमारास सुचविण्यात आले. नकाशावर ही जुळणी आकर्षक दिसते. मात्र विहिरींतील अल्प प्रमाणातील संयुगांपासून हाच रोग व हीच अर्बुदे होतात, हे सिद्ध झाले नाही. दोन गोष्टी एकाच ठिकाणी आढळल्या म्हणजे त्यांच्यात कार्यकारणसंबंध असतोच असे नाही, हे या उपपत्तीच्या परीक्षेतून स्पष्ट झाले.

इव्हिच यांचे अनुमान : ॲरिस्टोलोकिया क्लेमॅटायटिस ही यूरोपातील एक बहुवर्षायू वनस्पती शेतांच्या बांधांवर व गव्हाच्या पिकात तण म्हणून उगवते. वंशाचे नाव ‘उत्तम’ व ‘प्रसूती’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले असून प्राचीन काळापासून तिचा उपयोग सुईणी करीत असत. महाराष्ट्रातही आढळणारी सापसंद (ॲरिस्टोलोकिया इंडिका) ही औषधी वेल याच वंशातील आहे. या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक अम्ल हे विषारी संयुग असते. क्लेमॅटायटिस या जातीमुळे घोड्यांच्या वृक्कांना होणाऱ्या विषबाधेची नोंद यूगोस्लाव्हियातील एका पशुवैद्यकीय नियतकालिकात १९५७ मध्येच झाली होती.

नीश येथील इव्हिच यांनी १९६९ मध्ये या तणाकडे लक्ष वेधले. तणाची फळे गहू कापणीस येतो त्याच सुमारास पिकतात. त्यामुळे त्याच्या बिया मळणीत धान्यात मिसळतात, दळल्या जातात आणि घरच्या भाकरीवाटे वर्षानुवर्षे पोटात जातात, असे त्यांचे अनुमान होते. या बिया खाऊ घातलेल्या सशांत वृक्कविकृती झाल्याचे त्यांनी नमूद केले. या अनुमानाने रोगाच्या बहुतेक वैशिष्ट्यांचा उलगडा होत होता. घरचे धान्य घरीच खाणारी कुटुंबे एकत्र आजारी पडत. ज्यांच्या शेतात तण नसे ती सुटत. सून म्हणून आलेली स्त्री तीच भाकरी खाई. विष अल्प प्रमाणात पोटात जात असल्यामुळे रोग दिसण्यास अनेक वर्षे लागत. तरीही हे अनुमान सु. तीन दशके मागे पडले. मानवी शरीरात या विषाची खूण दाखविण्याचे साधन त्या वेळी नव्हते व बुरशीची उपपत्ती बहुतेक संशोधकांना अधिक समाधानकारक वाटत होती.

बेल्जियममधील घटना : शोधाला पुन्हा चालना मिळाली ती बाल्कन प्रदेशापासून दूर. १९९० नंतर ब्रुसेल्स येथे काही तरुण स्त्रियांची वृक्के झपाट्याने निकामी होऊ लागली. त्या सर्वांनी वजन घटविण्यासाठी एकाच पद्धतीचा उपचार घेतल्याचे व्हानहरवेगम आणि त्यांचे सहकारी यांच्या ध्यानात आले. १९९३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचारातील गोळ्यांत स्टेफानिया टेट्रान्ड्रा या चिनी वनस्पतीऐवजी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया फांगची ही वनस्पती वापरली गेली होती. अशा रुग्णांची संख्या पुढे शंभरावर गेली. त्यांच्या वृक्कांतील विकृतीचे बाल्कन रोगाशी असलेले साम्य १९९४ मध्ये नोंदविण्यात आले. २००० मध्ये नॉर्तिये व सहकाऱ्यांनी दिलेल्या माहितीनुसार, प्रतिबंधक उपाय म्हणून वृक्के व मूत्रवाहिन्या काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत कर्करोग आढळला. बाल्कन गावांत जे अनेक वर्षांत घडत होते, ते येथे मोठ्या मात्रेमुळे थोड्या अवधीत घडले होते.

निर्णायक पुरावा : ॲरिस्टोलोकिक अम्ल शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर होऊन तयार झालेला पदार्थ वृक्ककोशिकांमधील डीएनए रेणूस घट्ट चिकटतो. अशी युग्मके ऊतकात अनेक वर्षे टिकून राहतात. ती बेल्जियममधील रुग्णांच्या वृक्कांत १९९६ मध्ये आढळली होती. या विषामुळे डीएनएतील ॲडेनीन-थायमीन या जोडीच्या जागी थायमीन-ॲडेनीन अशी उलट जोडी येते. असा बदल इतर कर्करोगांत विरळ असल्याने ही विषाची जणू स्वाक्षरीच होय. क्रोएशियातील बाधित गावांमधील कुटुंबांत हे तण आपल्या शेतांत पूर्वी पाहिल्याचे सांगणारे लोक इतरांच्या तुलनेत अधिक होते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. २००७ मध्ये ग्रोलमन, येलाकोविच व सहकाऱ्यांनी बाल्कन रुग्णांच्या वृक्कांत ही युग्मके आणि त्यांच्या अर्बुदांतील पी-५३ या जनुकात हे विशिष्ट उत्परिवर्तन दाखवून दिले. पुढील अभ्यासांनीही या निष्कर्षास पुष्टी मिळाली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲरिस्टोलोकिया वंशातील वनस्पतियुक्त औषधांस २००२ मध्ये मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात घातले. पुढे खुद्द अम्लाचा समावेशही याच वर्गात झाला.

प्रतिबंध व सद्यःस्थिती : कारण सिद्ध होण्यापूर्वीच बाधित गावांतील जीवनमान बदलत होते. तणनाशके, यांत्रिक कापणी, बियाणे चाळण्याच्या सुधारलेल्या पद्धती व दुकानातून विकत घेतलेली भाकरी यांमुळे तणाच्या बिया पोटात जाण्याचे प्रमाण कमी होत गेले. नवे रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक वयाचे आढळू लागले असून त्यांची संख्याही घटत आहे. तथापि पोटात गेलेल्या विषाचे परिणाम अनेक वर्षांनी दिसत असल्यामुळे जुन्या पिढीतील लोकांना अपोहन (कृत्रिम रीत्या रक्त शुद्ध करणे), वृक्क-प्रतिरोपण व कर्करोगासाठी नियमित तपासणी यांची गरज राहतेच. इव्हिच यांच्या अनुमानाची कसोटी १९७० नंतरच्या दशकात घेतली गेली असती, तर धान्य निवडून घेण्याचा साधा उपाय सर्व गावांत लवकर पोहोचला असता. या इतिहासातील ही खरी हानी होय.

अन्य प्रदेशांतील रोग : यासारखे अज्ञात कारणाचे दीर्घकालिक वृक्कविकार इतरत्रही शेतकरी व शेतमजूर यांच्यात आढळले आहेत. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात १९९० नंतरच्या दशकात, मध्य अमेरिकेतील उसाच्या मळ्यांच्या प्रदेशात आणि भारतात आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात अशा रोगाकडे लक्ष वेधले गेले. तेथे कडक उन्हातील श्रम व निर्जलीभवन, पाण्यातील फ्ल्युओराइड व कठीणपणा, जड धातू, कीटकनाशके व तणनाशके यांचा विचार चालू आहे. वरच्या मूत्रमार्गाच्या कर्करोगाचे वाढीव प्रमाण हे त्या रोगांचे ठळक लक्षण नाही. म्हणून बाल्कन रोगाचे उत्तर त्यांना जसेच्या तसे लावता येत नाही. अनुकरण करावयाचे ते शोधपद्धतीचे. कोणते घर आजारी पडते व शेजारचे का सुटते, बाहेरून आलेल्या व्यक्तीस रोग किती वर्षांनी होतो, घरात काय पिकते व काय खाल्ले जाते, हे प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. नकाशावरील जुळणी अथवा एखादे विष पाण्यात आढळणे एवढ्यावर न थांबता त्या विषाची खूण रुग्णाच्या ऊतकात दाखविणे, हीच कारणाची खरी कसोटी होय.