आगीची पहिली वर्दी

श्रोतेहो, आग लागली हे सर्वांत आधी कोणाला कळते, या एका साध्या प्रश्नाभोवती आजचे विवेचन फिरणार आहे. आग विझविण्याचा इतिहास आपणांस थोडाफार ठाऊक असतो. घोड्यांचे बंब, वाफेचे बंब, मग मोटारीचे बंब, उंच शिड्या, पाण्याचे फवारे. हा सारा डोळ्यांना दिसणारा आणि कानांना ऐकू येणारा इतिहास आहे. परंतु बंब कितीही वेगवान असला तरी वर्दी मिळाल्यावाचून तो जागचा हलत नाही. आणि आगीचा स्वभाव असा, की जी प्रारंभी बादलीभर पाण्याने शमली असती, तिला काही मिनिटांनंतर तलावही पुरत नाही. म्हणून वर्दीचा इतिहास हा बंबांच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा होय. तो मात्र फारसा कोणी सांगत नाही.

फार प्राचीन काळापासून हे काम माणसाच्या डोळ्यांकडे होते. रोमच्या ऑगस्टस बादशहाने इ. स. ६ मध्ये रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांचे पथक उभे केले. रात्रभर गल्लीबोळांतून हिंडावे, धूर दिसला की हाकाटी करावी, हे त्यांचे काम. पुढे युरोपातील शहरांनी उंच मनोऱ्यांवर माणसे बसविली. पहारा कितीही कडक असला तरी त्याची मर्यादा उघड होती. पहारेकऱ्याला रस्ता दिसतो, घराच्या आतील माळा दिसत नाही. आणि पहाटेच्या वेळी त्याचाही डोळा लागतो.

एकोणिसाव्या शतकात विजेची तार आली आणि वर्दीला पाय फुटले. अमेरिकेतील बॉस्टन शहरात एप्रिल १८५२ मध्ये आगीची वर्दी देणारी विजेची तारयंत्रणा प्रथम सुरू झाली. तिचे जनक दोघे, विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर. त्यांतील चॅनिंग हे वैद्यकीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनी शहराची तुलना मनुष्यदेहाशी केली. शरीरात जसे मज्जातंतू बोटाला बसलेला चटका मेंदूपर्यंत नेतात, तद्वत या तारांनी गल्लीतील आग मध्यवर्ती ठाण्यापर्यंत न्यावी, ही त्यांची कल्पना होती. कल्पना उत्तम, परंतु या देहात एक उणीव राहून गेली होती. रस्त्यावरच्या पेटीचा दांडा फिरवायला कोणीतरी माणूस धावत यावा लागे. मज्जातंतू होते, पण त्वचा नव्हती. आगीचा स्पर्श स्वतः ओळखील असे काही त्या यंत्रणेत नव्हते.

ही त्वचा कोठून आणावयाची? उत्तर आगीपाशीच होते. आग तापते, आणि ताप लागला की पदार्थ बदलतात. घन पदार्थ वितळतो, धातू प्रसरण पावतो, हवा फुगते. उष्णताशोधक, म्हणजे ज्याला आपण बाजारात हीट डिटेक्टर म्हणून ओळखतो, त्याचा सारा इतिहास या तीन साध्या गोष्टींत सामावलेला आहे.

प्रथम वितळण्याची गोष्ट घेऊ. बार्नबस वूड नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८६० मध्ये एक मिश्रधातू शोधून काढला. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा हा मिलाफ. यांतील एकेकटा धातू वितळावयास दोन-तीनशे अंश उष्णता लागते; पण चौघे एकत्र आले की सुमारे ७० अंश सेल्सियसलाच पाणी होतात. या धातूचा चमचा करून कढत चहात बुडविला तर तो कपातच विरघळेल. अर्थात तो चहा पिण्याजोगा उरणार नाही, कारण कॅडमियम आणि शिसे ही दोन्ही विषेच. अशा धातूचा डाक देऊन एखादी स्प्रिंग दाबून धरली, तर खोली तापताच डाक सुटतो आणि स्प्रिंग मोकळी होते. न्यू हेवन येथील पियानोच्या कारखान्याचे मालक हेन्री पार्मेली यांनी १८७४ मध्ये आपोआप पाणी शिंपडणाऱ्या तोटीचे पेटंट घेतले. तिचे मर्म हेच होते. जी युक्ती पाण्याची तोटी उघडू शकते ती विजेच्या दोन टोकांची गाठही घालू शकते. एडिसनचे सहकारी, गणितज्ञ फ्रान्सिस अप्टन यांनी फर्नांडो डिबल यांच्यासह १८९० मध्ये बॅटरी, घंटा आणि उष्णता ओळखणारा भाग एकत्र असलेल्या यंत्राचे पेटंट मिळविले. १९०२ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बी यांनी उष्णतादर्शक विद्युत्-यंत्राचे पेटंट घेतले. मर्यादेपलीकडे तापमान गेले की विजेचे मंडल पुरे व्हावे आणि घंटा वाजावी, एवढेच त्याचे काम. त्याचे तत्त्व घरी समजावून घ्यावयाचे असेल तर दोन पत्र्यांच्या मध्ये थिजलेल्या तुपाचा गोळा ठेवलेला डोळ्यांसमोर आणा. तूप पातळ झाले की वरचा पत्रा खालच्यावर टेकतो. एका पत्र्याला बॅटरी आणि दुसऱ्याला घंटा जोडलेली असली, की तुपानेच वर्दी दिली म्हणावयाचे!

दुसरी गोष्ट प्रसरणाची. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढविताना लोहार ती आधी लालबुंद तापवितो, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. तापलेली धाव मोठी होते, चाकावर सहज बसते आणि निवताच चाकाला आवळून धरते. परंतु सर्व धातू सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. पितळ पोलादापेक्षा अधिक वाढते. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकात समुद्रावरील घड्याळे करताना पितळ व पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना पक्क्या जोडल्या. अशी जोडपट्टी तापली की पितळ पुढे जाऊ पाहते, पोलाद मागे ओढते आणि दोघांच्या ओढाताणीत पट्टी वाकते. हॅरिसनला घड्याळावरील हवामानाचा परिणाम घालवावयाचा होता. हीच पट्टी पुढे आपल्या इस्त्रीत आली, आणि छतावरील उष्णताशोधकातही आली. ठरावीक तापमानाला ती वाकते व विजेच्या टोकाला शिवते. डाकाचे यंत्र एकदा सुटले की बदलावे लागते. जोडपट्टी निवल्यावर पुन्हा सरळ होऊन पहाऱ्यावर उभी राहते.

या दोन्ही प्रकारांत एक दोष होता. ताप पाहताना थर्मामीटर तोंडात काही काळ ठेवावा लागतो, कारण शरीराची उष्णता त्यात उतरावयास वेळ लागतो. छतावरील धातूचेही तसेच. ५७ अंशांना वाजावयाचे यंत्र घेतले, तरी आग झपाट्याने वाढत असेल तर धातू ५७ अंशांना पोहोचेपर्यंत भोवतालची हवा कितीतरी पुढे गेलेली असते.

यावर तोड म्हणून तिसरी गोष्ट, हवेचे फुगणे, उपयोगात आली. तव्यावरच्या फुलक्याला भोक पडले की तो फुगत नाही, कारण आतील वाफ निसटून जाते. एका लहानशा डबीत हवा कोंडून तिच्या एका बाजूला लवचीक पडदा बसवितात आणि अगदी बारीक छिद्र ठेवतात. वैशाखातील दुपार हळूहळू तापते, तेव्हा फुगणारी हवा त्या छिद्रातून सावकाश निघून जाते आणि पडदा जागचा हलत नाही. पण आगीची धग एकाएकी आली तर हवेला तेवढ्या छिद्रातून जाण्यास सवड मिळत नाही. पडदा फुगतो आणि विजेचे टोक जुळते. मिनिटाला सुमारे ८ अंश सेल्सियस या वेगाने तापमान चढले की वर्दी, असे याचे सर्वसाधारण प्रमाण आहे. मात्र आग फार संथपणे वाढली तर ही डबी फसते. म्हणून पुष्कळ यंत्रांत डबी आणि ठरावीक तापमानाचा डाक, दोन्ही एकत्र बसवितात. एकाची चूक दुसऱ्याने सावरावी. अलीकडच्या यंत्रांत धातूच्या जागी तापमानानुसार विद्युत्-विरोध बदलणारा इवलासा अर्धवाहक असतो, परंतु प्रश्न तेच विचारले जातात: किती तापले, आणि किती वेगाने तापले? लांबलचक बोगद्यांत व तारांच्या भुयारांत तर एक केबलच शोधक होते. तिच्यातील पिळाच्या दोन तारांवरचे वेष्टन उष्णतेने मऊ पडते आणि तारा एकमेकींना भिडतात.

पहारेकऱ्याच्या एका जुन्या चालीचीही येथे आठवण होते. तो रात्री अधूनमधून ‘जागते रहो’ अशी आरोळी देई. तीवरून चोराला जरब बसे आणि मालकाला पहारेकरी जागा असल्याची खात्री पटे. आजच्या यंत्रणेतही तशी सोय आहे. शोधकांच्या तारांतून अगदी अल्प विद्युत्प्रवाह अखंड वाहत असतो. तार तुटली आणि प्रवाह थांबला की मुख्य पेटीवर बिघाडाची खूण उमटते. निःशब्द यंत्र जागे आहे की मेले आहे, हे त्यावरून कळते.

आता या साऱ्याच्या मर्यादेकडे वळू, कारण तेथे प्राणांचा प्रश्न आहे. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागो शहरातील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत तळघरातील जिन्यापाशी आग लागली. ती बराच वेळ कोणाच्या लक्षात आली नाही. शाळेतील धोक्याची घंटा हाताने वाजवावी लागे आणि अग्निशामक दलाशी ती जोडलेली नव्हती. ९२ मुले आणि ३ शिक्षिका जोगिणी प्राणास मुकल्या. कोणाच्या डोळ्यांची वाट न पाहता वर्दी देणारे यंत्र का हवे, याला यापरते उत्तर नाही.

पण कोणते यंत्र? आपल्याकडे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकेही होती. दुपारी दोनच्या सुमारास आग ध्यानात आली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला. त्या दिवशी ६६ अग्निशामक जवान कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. कापूस एकदम भडकत नाही, तो धुमसतो. धूर बाहेर येतो आणि धग गाठीच्या पोटात दडून राहते. गादीचेही तसेच. अशा आगीची बातमी उष्णतेला फार उशिरा लागते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील इंडियाना राज्यात पाडावयाच्या घरांत मुद्दाम आगी लावून प्रयोग करण्यात आले. झोपलेल्या माणसाला निसटण्याइतका अवधी धूर ओळखणारी यंत्रे देतात, उष्णताशोधक पुष्कळदा देत नाहीत, असे त्यांत दिसून आले.

मग उष्णताशोधक निरुपयोगी ठरला काय? मुळीच नाही. स्वयंपाकघरात फोडणी दिली की धूरशोधक ओरडू लागतो; मोटारींच्या तळघरात आणि धुळीच्या गोदामातही तेच. रोज खोटी वर्दी येऊ लागली की लोक ‘लांडगा आला रे आला’ म्हणून दुर्लक्ष करतात, आणि अखेर कोणीतरी तार काढून ठेवतो. तेथे हा मितभाषी शोधकच योग्य. मात्र तोही जागा पाहून निवडावा लागतो. त्याचे ठरावीक तापमान छताजवळच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा निदान अकरा अंशांनी वरचे असावे, असा संकेत आहे. विदर्भात मे महिन्यात सावलीतील हवाच ४५ अंशांवर जाते. तेथील पत्र्याच्या छपराखाली ५७ अंशांचे यंत्र लावले तर उन्हालाच ते आग समजेल. भारतीय मानकांत उष्णताशोधकांसाठी आयएस २१७५ आणि साऱ्या यंत्रणेच्या मांडणीसाठी आयएस २१८९ ही स्वतंत्र मानके आहेत, ती याच विवेकासाठी.

श्रोतेहो, निजण्याच्या खोलीत धूर ओळखणारा, स्वयंपाकघरात धग ओळखणारा, हा विवेक दोन ओळींत सांगून होतो. तो पाळणे मात्र आपल्या गृहसंस्थांच्या, शाळांच्या आणि रुग्णालयांच्या चालकांच्या हाती आहे. रंगकाम करताना शोधकावर रंगाचा थर चढला, किंवा मुख्य पेटीवरील बिघाडाचा दिवा महिनोन्‌महिने तसाच लागून राहिला, तर हॅरिसनची पट्टी आणि वूडचा धातू काहीच करू शकत नाहीत. आपल्या इमारतीच्या छतावर कोणते शोधक आहेत आणि त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढे पुढच्या सभेत आपल्या चालकांना विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ते मिळेपर्यंत विचारीत राहा.