झांझिबारचा कापडव्यापार आणि जकातीचा मक्ता

एकोणिसाव्या शतकात कच्छ व मुंबई येथील व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जे स्थान मिळविले ते ब्रिटिश निशाणाच्या आश्रयामुळे मिळविले, असे मत पुष्कळदा मांडले जाते. हे मत सर्वस्वी निराधार आहे असे नाही. परंतु कालक्रम नीट लावून पाहिला असता त्याचा बराचसा भाग टिकत नाही. झांझिबार येथे पहिला ब्रिटिश वकील कॅप्टन हॅमर्टन हा १८४१ साली आला. त्या वेळी तेथील आयात-निर्यातीची सूत्रे कच्छी भाटियांच्या हाती येऊन काही वर्षे लोटली होती. मग या व्यापाऱ्यांना परमुलखात आधार कोणाचा होता, आणि पुढे वकिलातीचा आधार मिळाला तेव्हा तो कोणत्या अटींवर मिळाला, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचे विषय होत.

प्रथम बाजारपेठेचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. झांझिबार हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अवघ्या वीस-पंचवीस मैलांवर आहे. बेटावरील वस्तीपुरताच खप असता तर एवढी गलबते तेथे जाण्याचे कारण नव्हते. खरे गिऱ्हाईक किनाऱ्याच्या पलीकडे, अंतर्भागात होते. मांजरपाटाच्या जातीचे कोरे कापड, निळीत रंगविलेले ‘कनिकी’, काचेचे मणी, पितळेची तार हा माल बेटावर उतरे, तेथून बागामोयो, पंगानी, किल्वा अशा बंदरांत जाई आणि मग हमालांच्या डोक्यावरून आत शेकडो मैल प्रवास करी. परत येई ते हस्तिदंत, चंद्रस आणि गुलामांचे तांडे. काफिला एकदा आत गेला म्हणजे त्याच्या परतीस एक-दोन वर्षे सहज लागत. याउलट गलबतांचे वेळापत्रक वाऱ्याने बांधलेले होते. ईशान्य मोसमी वाऱ्यावर मांडवी-मुंबईहून निघालेले गलबत हिवाळ्यात तेथे पोहोचे आणि नैर्ऋत्य वारे वाहू लागले की परतीस निघे. मालाची विक्री दोन वर्षांनी वसूल होणार आणि गलबत मात्र काही महिन्यांतच परतणार, या विसंगतीत या व्यापाराची सारी अडचण साठविलेली आहे. निर्यातदारास तेथे कोठार हवे, उधारी सांभाळणारा आडत्या हवा, ऋणको बुडवू लागल्यास दरबारी वजन वापरणारा कोणी हवा.

हे तिन्ही एका ठिकाणी मिळाले ते जकातीच्या मक्त्यात. ओमानचा सुलतान सय्यद सैद बिन सुलतान याने १८३०-४० या दशकात आपला मुक्काम मस्कतहून क्रमाक्रमाने झांझिबार येथे हलविला. जकात वसुलीसाठी स्वतःचे खाते उभारण्याऐवजी ती ठराविक वार्षिक रकमेस मक्त्याने देण्याची त्याची रीत होती. हा मक्ता १८३० नंतरच्या काळात कच्छमधील मुंद्रा येथील भाटिया कुटुंबातील जयराम शिवजी याच्या पेढीकडे आला व मध्यंतरीचे खंड सोडल्यास १८७६ पर्यंत त्याच पेढीकडे राहिला. जयराम स्वतः १८५३ साली स्वदेशी परतला; त्यानंतर पेढीचा कारभार लधा दामजी याने पाहिला.

मक्तेदार हा केवळ कर वसूल करणारा नव्हता. तो स्वतः घाऊक व्यापारी होता, सावकार होता, आणि खुद्द सुलतान त्याचा ऋणको होता. किनाऱ्यावरील प्रत्येक जकातनाक्यावर त्याचा गुमास्ता बसे. कोणत्या बंदरात किती कापड पडून आहे, कोणता काफिला किती हस्तिदंत घेऊन उतरतो आहे, ही वार्ता सर्वांत आधी त्याच्या पेढीत पोहोचे. मांडवीहून माल पाठविणाऱ्या लहान व्यापाऱ्यास अशा पेढीचा आश्रय म्हणजे कोठार, हुंडी, बातमी आणि न्याय या सर्वांची एकत्र सोय होती. अर्थात या आश्रयाची किंमत पेढी ठरवील ती देणे भाग असे, हेही तितकेच खरे.

या व्यवस्थेची ताकद किती होती हे अमेरिकनांच्या उदाहरणावरून चांगले कळते. अमेरिकेने १८३३ साली सुलतानाशी तह करून पाच टक्के जकातीवर खुल्या व्यापाराचा हक्क मिळविला. ब्रिटनचा असा तह १८३९ चा, फ्रान्सचा १८४४ चा. मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदराची जहाजे कोरे, जाड, टिकाऊ कापड आणीत. त्याला किनाऱ्यावर इतकी मागणी आली की ‘मेरिकानी’ हे त्याचे नावच स्वाहिली भाषेत रूढ झाले. १८३७ मध्ये रिचर्ड वॉटर्स हा अमेरिकेचा वकील म्हणून आला. तो स्वतःही व्यापारी होता. तह हाती, सरकारी पद हाती, माल उत्तम. असे असूनही त्याने पहिली गोष्ट केली ती जयराम शिवजीशी संधान बांधण्याची. अमेरिकन माल बहुतांशी वॉटर्सच्या हातून जयरामकडे जाई व परतीचा माल जयरामकडून मिळे. या साखळीबाहेर राहू पाहणाऱ्या अन्य अमेरिकन व इंग्रज व्यापाऱ्यांच्या कडवट तक्रारी नमूद आहेत. त्यांना होड्या मिळेनात, हमाल मिळेनात, कारण धक्क्यावरील हमालही मक्तेदाराच्या शब्दाबाहेर नसत. तहाने जकातीचा दर बांधून दिला होता. पण गाठोडे जहाजावरून कोण उतरवील, हे त्या तहाच्या आवाक्याबाहेरचे होते.

याहूनही बोलके प्रमाण ‘म्रिमा’ प्रदेशाचे आहे. झांझिबारसमोरील किनारपट्टीस हे नाव होते. १८३९ च्या ब्रिटिश तहात तंगाटा ते किल्वा या पट्टीतील हस्तिदंत व चंद्रस यांचा व्यापार सुलतानाने आपल्याकडे राखून ठेवला होता. युरोपीय व्यापाऱ्यास तेथे हे जिन्नस थेट खरीदता येत नसत. सुलतानाची प्रजा समजल्या जाणाऱ्या कच्छी व्यापाऱ्यास मात्र ती आडकाठी नव्हती. म्हणजे ब्रिटिश प्रजाजन नसणे हाच या व्यापाऱ्यांचा मोठा लाभ होता. ब्रिटिश छत्राचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी या कलमाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे म्हणणे प्राप्त आहे.

यामुळेच हॅमर्टनने हिंदी व्यापारी हे ब्रिटिश संरक्षणाखालील आहेत असा दावा मांडला तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांनी त्याचे स्वागत केले नाही. कच्छच्या राज्याने १८१९ साली कंपनीशी तह केलेला असला, तरी रावाची प्रजा परदेशात ब्रिटिश प्रजा मानावी की नाही, हा प्रश्न कायद्याने संदिग्धच होता, आणि या संदिग्धतेत व्यापाऱ्यांचा फायदा होता. १८५८ मध्ये आलेल्या रिग्बी या वकिलाने ती संपविण्याचे ठरविले. १८६० मध्ये त्याने हिंदी लोकांच्या मालकीचे गुलाम मुक्त करण्यास भाग पाडले. मुक्त झालेल्यांची संख्या हजारांत होती. ब्रिटिश प्रजेस गुलाम बाळगता येत नाहीत, हा त्यामागील कायदा. वकिलातीचे संरक्षण हवे तर हा कायदाही स्वीकारा, असा हा सौदा होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे. आपल्याकडे या व्यापाऱ्यांविषयी लिहिताना त्यांचे साहस, काटकसर, सचोटी यांचे कौतुक होते व ते अनाठायी नाही. तथापि उधारीने दिलेल्या ज्या कापडावर काफिले आत जात, त्याच कापडाच्या मोबदल्यात माणसेही विकत घेतली जात. जकातीच्या उत्पन्नात गुलामांवरील जकातही होती. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे १८७३ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या कामगिरीवर झांझिबारला गेले असता, किनाऱ्यावरील जवळजवळ सर्व व्यापार हिंदी हातांतून जातो असे त्यांनी नोंदविले. त्या नोंदीत प्रशंसा आणि आरोप दोन्ही आहेत. त्याच वर्षी सुलतान बर्गशने ब्रिटिश दडपणाखाली तह करून समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद केला. फ्रियर साम्राज्याचे सेवक होते म्हणून त्यांच्या आरोपाकडे डोळेझाक करणे इतिहासकारास शोभणार नाही.

मेरिकानीचे पुढे काय झाले? १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात सेलमचा पुरवठा ढासळला. याच वर्षांत मुंबईचा कच्चा कापूस लँकेशायरकडे धावत होता व शहरात पैशाचा पूर आला होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या गिरणीपासून सुरू झालेला उद्योग युद्धानंतरच्या दोन दशकांत विस्तारला. १८७२ मध्ये ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी सरकारी टपालाच्या अनुदानावर एडनहून झांझिबारला जाऊ लागल्या. १८७९ मध्ये समुद्री तार पोहोचली. मोसमाची वाट पाहण्याचे कारण कमी झाले आणि बातमीवरील मक्तेदाराची पकडही सैल झाली. तारेने भाव विचारता येऊ लागल्यावर मुंबईच्या व्यापाऱ्यास बेटावरील पेढीच्या शब्दावर पूर्वीइतके विसंबण्याची गरज उरली नाही. वकिलात, अनुदानित आगबोट व तार या साधनांना साम्राज्याचे साहाय्य म्हणता येईल. पण ते या टप्प्यावर आले, मक्त्याच्या काळात नव्हे.

मक्ता १८७६ मध्ये खोजा व्यापारी तारिया टोपन याच्याकडे गेला. टिप्पू टिप याच्या अंतर्भागातील मोहिमांना भांडवल पुरविणारा हाच गृहस्थ. त्या सुमारास किनाऱ्यावर जाणाऱ्या गाठोड्यांत मुंबईच्या गिरण्यांचे कोरे कापडही दिसू लागले होते. गिऱ्हाईक त्याची वीण बोटांनी चाचपून पाही, पसंत पडल्यास घेई, आणि त्यालाही मेरिकानीच म्हणे.