पाच-पाच टीएमसीचा करार

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि आंध्रात समुद्राला मिळते. चेन्नई शहर तिच्या खोऱ्यात येतच नाही. तरीही तिथल्या नळांना कृष्णेचे पाणी येते, कारण तीन राज्यांनी ते आपापल्या वाट्यातून काढून दिले आहे.

हा वाटा कुणालाच सुखासुखी मिळालेला नव्हता. 1969 मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने 1973 मध्ये निवाडा दिला. 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यापैकी महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी. एकेका टीएमसीसाठी वकिलांनी कीस पाडला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, एप्रिल 1976 मध्ये, तिन्ही राज्यांनी तहानलेल्या मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, प्रत्येकी 5 टीएमसी देण्याचे मान्य केले. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, कर्नाटकाचे देवराज अर्स आणि आंध्रचे जलगम वेंगळराव.

काळ मात्र आणीबाणीचा होता. तिन्हीकडे काँग्रेसची सरकारे, तामिळनाडूत राष्ट्रपती राजवट आणि दिल्लीत इंदिरा गांधी. अशा वेळी सह्या होणे फारसे अवघड नव्हते.

खरी कसोटी पुढे लागली. 1983 मध्ये आंध्रात एन. टी. रामाराव आणि तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री होते. दोघेही सिनेमातून आलेले, दोघेही प्रादेशिक पक्षांचे नेते. त्यांनी जुना करार अडगळीत टाकला नाही. उलट त्याच वर्षी नवा करार करून ‘तेलुगू गंगा’ प्रकल्पाला चालना दिली. त्यात रामारावांचाही फायदा होता. श्रीशैलमहून निघालेले पाणी सोमशिला, कंडलेरू या जलाशयांतून चेन्नईजवळच्या पूंडीला जाणार होते, आणि त्याच कालव्यांवर दुष्काळी रायलसीमेची शेतीही भिजणार होती. पिण्याच्या पाण्याला सिंचनाची ही जोड दिल्याबद्दल महाराष्ट्र आणि कर्नाटकाने हरकत घेतली. वाद लांबला, पण पाच टीएमसीचा शब्द कुणी मागे घेतला नाही.

1996 मध्ये पाणी तामिळनाडूच्या सीमेवर पोहोचले. ते पाहायला रामचंद्रन नव्हते. रामारावही त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. पुढे गळक्या कालव्याची दुरुस्ती सत्य साईबाबांच्या ट्रस्टच्या पैशातून झाली.

बाष्पीभवनाचे 3 टीएमसी वजा जाता चेन्नईला 12 टीएमसी मिळायला हवे. प्रत्यक्षात तेवढे क्वचितच पोहोचते. तरीही सत्तांतरे, पक्षांतरे आणि लवादांची भांडणे पचवून हा करार टिकला. आधी प्रत्येकाचा हिस्सा आकड्यात ठरला आणि मग सर्वांनी सारखेच सोडले, हे त्याचे मुख्य कारण.