खेळाडूचा गुडघा : ‘एसीएल’ची दुखापत आणि प्रतिबंध

गुडघ्यातील ‘एसीएल’ हा अस्थिबंध नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही. बॅडमिंटन, फुटबॉलसारख्या खेळांत तो बहुधा धक्क्याने नव्हे, तर पाऊल रोवलेले असताना एकाएकी वळल्याने किंवा उडीनंतर ताठ पायावर उतरल्याने तुटतो.

आठवडाभर बैठे काम करणाऱ्यांनी थेट सामन्यात उतरू नये. धावणे, मांडीच्या स्नायूंचे बळ, तोल आणि उड्या यांचा ‘फिफा ११+’ हा सुमारे २० मिनिटांचा व्यायामक्रम आठवड्यातून किमान दोनदा केल्यास दुखापती लक्षणीय घटतात.

‘कट्’ असा आवाज होऊन गुडघा निसटल्यासारखा वाटल्यास खेळ तत्काळ थांबवावा. काही तासांतच सूज चढल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, अस्थिबंध मात्र एमआरआयमध्ये. शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांच्या आत स्पर्धेत परतल्यास पुन्हा दुखापतीचा धोका वाढतो.